चाकांचे अपघात आणि शर्यतीच्या मोटारींची सुरक्षितता

चाकाविषयी मनुष्याच्या मनात एक विलक्षण विश्वास वसत असतो. बैलगाडीत बसणारा शेतकरी असो की मोटारीत बसणारा नगरवासी असो, प्रवासास निघताना तो आभाळाकडे पाहतो, रस्त्याची विचारपूस करतो, वाहनात तेलपाणी आहे की नाही याची खात्री करून घेतो. परंतु आसावर बसविलेले चाक वाटेत आसावरच राहील की नाही, हा प्रश्न त्याच्या मनास सहसा शिवत नाही. हा विश्वास अगदीच अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. साध्या वेगाने चालणारे चाक क्वचितच दगा देते, आणि देते तेव्हा बहुधा आधी कुरकुर करून सूचना देते. तथापि वेग वाढत गेला म्हणजे चाकावर येणारे ताण किती झपाट्याने वाढतात, त्या ताणांखाली ते कोणकोणत्या रीतीने मोडते, आणि मोडल्यावर त्याने कोणाचा घात करू नये म्हणून काय तजवीज करता येते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर एका विशिष्ट प्रकारच्या शर्यतीकडे पाहणे उपयुक्त ठरते. अमेरिकेत जन्मास आलेली ही शर्यत ‘ड्रॅग शर्यत’ या नावाने ओळखली जाते.

या शर्यतीत वळणे नाहीत, आणि ती पाहता पाहता संपते. एका सरळ धावपट्टीवर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात. दिव्यांची खूण होताच त्या सुटतात, आणि ठरलेल्या अंतराच्या शेवटास जी प्रथम पोचते ती जिंकते. हे अंतर परंपरेने पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचे. कॅलिफोर्नियातील कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर तेथील तरुण मंडळी आपल्या हाताने सुधारलेल्या जुन्या मोटारी दामटीत असत. त्यांतून या खेळाचा उगम झाला. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमितपणे भरू लागल्या, आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. सार्वजनिक रस्त्यांवर चालणाऱ्या जीवघेण्या चढाओढींना आळा घालून त्या नियमांच्या चौकटीत आणाव्यात, हा त्या संस्थेचा एक प्रमुख हेतू होता. सुरक्षिततेचा विचार या खेळास असा आरंभापासून चिकटलेला आहे. पुढे हा खेळ अनेक देशांत पसरला. महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

या शर्यतींतील सर्वांत बलाढ्य मोटारींचा वर्ग ‘टॉप फ्युएल’ या नावाचा आहे. लांबट, सडपातळ सांगाडा, पुढे सायकलीच्या चाकांची आठवण करून देणारी दोन बारीक चाके, मागे दोन अवाढव्य चाके, आणि चालकाच्या पाठीशी नायट्रोमिथेन नावाच्या द्रव्यावर चालणारे एंजिन, असे तिचे रूप असते. या एंजिनाची शक्ती दहा हजार अश्वशक्तीहून अधिक भरते. जागेवर उभी असलेली गाडी एका सेकंदाच्या आत ताशी १६० किलोमीटरांचा वेग गाठते, आणि शर्यत संपता संपता हा वेग ताशी ५३० किलोमीटरांच्या वर जातो. एवढी सारी शक्ती जमिनीवर उतरविण्याचे काम मागच्या दोन चाकांना करावे लागते. एंजिन कितीही बलवान असले, तरी त्याचा जमिनीशी संबंध तळहाताएवढ्या नव्हे तरी पाटाएवढ्या रबराच्या द्वारेच येतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या चाकांवर काय प्रसंग ओढवत असेल याची थोडीशी कल्पना येते.

हा प्रसंग नेमका कशाचा, ते आता पाहू. शेतातील पाखरे हाकण्यासाठी माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराच्या हातास जी ओढ जाणवते, तीच ओढ फिरत्या चाकाच्या प्रत्येक कणास सोसावी लागते. गोफणीतील दगड सरळ रेषेत निघून जाऊ पाहतो आणि दोरी त्यास आत खेचून धरते. दोरी सुटली की दगड गेलाच. चाकात दोरीचे काम टायरातील धागे आणि रबर यांची परस्परांवरील पकड करीत असते. या ओढीचा नियम असा आहे की वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते, आणि वेग तिप्पट झाला तर नऊपट होते. घरगुती मोटार ताशी ८० किलोमीटरांच्या वेगाने धावत असता टायराच्या पाठीवरील एक तोळा रबर सुमारे २ किलो वजनाच्या ओढीने बाहेर पडू पाहते. शर्यतीच्या गाडीचे चाक बरेच मोठे असते. तरीही ताशी ५३० किलोमीटरांच्या वेगास त्या एका तोळ्याची ओढ सुमारे ५० किलोंवर जाते. चाक त्या वेळी सेकंदास जवळजवळ पन्नास फेरे घेत असते. धान्याचे अर्धे पोते एका तोळाभर रबरास टांगले आहे, आणि टायराच्या पाठीवर असे शेकडो तोळे आहेत, अशी कल्पना केली म्हणजे पुरे.

ही ओढ एवढी मोठी असते की टायर स्वतःच फुगून उंच होतो. उभ्या गाडीत सुमारे ३६ इंच व्यास असलेला हा टायर वेगाबरोबर ताणला जाऊन वाढतो व अरुंद होतो. या गाड्यांना गिअर बदलण्याची सोय नसते; चाकाची ही वाढच गिअरचे काम करते, आणि यंत्रशास्त्रज्ञांनी ती जाणूनबुजून उपयोगात आणलेली आहे. याच्या उलट, सुटण्याच्या क्षणी टायरात हवा फार थोडी असते. घरगुती मोटारीच्या टायरात दर चौरस इंचास तीसएक पौंड दाब असतो. येथे तो सातएक पौंडच ठेवतात. त्यामुळे टायर जमिनीवर पसरून बसतो आणि पकड घेतो. रिम फिरू लागते, पण टायराचा तळ क्षणभर तेथेच चिकटून राहतो, आणि पिळलेल्या धोतराप्रमाणे टायराच्या बाजूंना सुरकुत्या पडतात. हा पीळ नीट उलगडला तर गाडी झेपावते. तो बिघडला, तर टायर स्वतःवरच दुमडू लागतो आणि सारी गाडी हादरू लागते. हा हादरा इतका तीव्र असू शकतो की चालकास समोरचे दिसेनासे होते.

अशा स्थितीत चाक चार ठिकाणी दगा देऊ शकते. पहिले ठिकाण टायर. एखादा धातूचा तुकडा लागला, रबराचे थर एकमेकांपासून सुटले, किंवा पुष्कळ फेऱ्यांनी धागे थकले, म्हणजे टायराची पाठ सोलली जाते. आणि एकदा एक पट्टा सुटला की चाकाचा तोल बिघडून बाकीचा टायर फाटण्यास वेळ लागत नाही.

दुसरे ठिकाण टायर आणि रिम यांचा सांधा. गावचा लोहार लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवितो, आणि ती निवताना आवळून घट्ट बसते. मोटारीच्या टायराची कड हवेच्या दाबाने रिमेवर दाबून धरलेली असते. दाबच थोडा असला आणि एंजिनाचा जोर प्रचंड असला, तर रिम टायराच्या आतच फिरून जाण्याचा संभव असतो. म्हणून शक्तिमान गाड्यांच्या रिमेवर एक धातूचे कडे बोल्टांनी आवळून टायराची कड त्याखाली चिमटून धरतात.

तिसरे ठिकाण चाक तुंब्यावर आवळून धरणाऱ्या बोल्टांचे, ज्यांना कारखान्यात ‘स्टड’ म्हणतात. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. चाकाचा भार व एंजिनाचा जोर हे स्टड स्वतःच्या अंगावर पेलतात, असे अनेकांस वाटते. वस्तुतः नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चाक तुंब्याच्या सपाट पृष्ठभागावर घट्ट दाबले जाते. या दोन पृष्ठभागांमधील घर्षणच मुख्यतः भार पेलीत असते. नट सैल पडला की घर्षण नाहीसे होते. मग चाक किंचित सरकू लागते, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर स्टड इकडून तिकडे वाकविला जातो. तार पुनःपुन्हा वाकवून तोडण्याची युक्ती प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सैल चाक आपल्या स्टडांवर तीच युक्ती चालवीत असते.

चौथे ठिकाण खुद्द आस. काही साध्या मोटारींत आसाचे आतले टोक एका लहानशा कडीने अडकविलेले असते. बैलगाडीच्या आसाच्या टोकास जी खीळ असते, तिचेच काम ही कडी आतून करते. आस कडीच्या बाहेरच्या बाजूस कोठेही तुटला, की चाकास धरून ठेवणारे काहीच उरत नाही, आणि तुटक्या आसासह ते घरंगळत निघून जाते.

तुटण्याच्या या प्रकारांत धातूचा थकवा हा सर्वांत फसवा शत्रू होय. त्याची ओळख मनुष्यास रेल्वेने करून दिली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस म्यूदोंजवळ तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. दक्षिण ध्रुवाकडील सफरींमुळे कीर्ती पावलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हिल याचाही त्यांत अंत झाला. जो आस आदल्या दिवसापर्यंत तोच भार वाहत होता, तो त्या दिवशी का तुटावा, या कोड्याने यंत्रशास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील औगुस्ट व्होलर यांनी दीर्घकाळ प्रयोग करून असे दाखविले की, एकदाच दिला असता पोलाद जो ताण सहज सोसते, तोच ताण लक्षावधी वेळा उलटसुलट दिला असता ते त्याखाली तुटते. आरंभी केसाएवढी चीर पडते; ती डोळ्यांस दिसत नाही; प्रत्येक फेऱ्यास ती रेसभर पुढे सरकते, आणि उरलेला धातू अपुरा पडला की एका क्षणात सारे संपते. म्हणून काल टिकले एवढ्यावरून आज टिकेल असे अनुमान फिरत्या भागांच्या बाबतीत काढता येत नाही. याच कारणास्तव जाणते लोक आस व स्टड काही ठराविक वापरानंतर, ते वरून धडधाकट दिसत असले तरी, बदलून टाकतात. आणि मधल्या काळात चिरेत झिरपणारा रंग लावून किंवा लोहचुंबकाच्या साहाय्याने चिरांचा शोध घेतात.

ड्रॅग शर्यतींचे नियम वाचू लागले असता ते रुक्ष वाटतात. परंतु त्यांपैकी अनेक वाक्यांच्या मागे वरील चार दुखण्यांपैकी एखादे उभे असते. स्टडाचे आटे नटाच्या षट्‌कोनी भागात निदान स्टडाच्या जाडीइतके शिरलेच पाहिजेत, असा एक नियम आहे. कारण दोनचार आट्यांवर अडकलेला नट आवळलेला भासतो, पण भार येताच आटे सोलले जातात. पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीस खास बनविलेले आस व ते बाहेर निसटू न देणारी पकड सक्तीची आहे. तुटलेल्या आसासह चाक निघून जाऊ नये हा तिचा उद्देश. सुरक्षिततेच्या साहित्यासाठी प्रमाणे ठरवून देणारी ‘एस. एफ. आय. फाउंडेशन’ ही संस्था १९७८ साली स्थापन झाली, आणि तिच्या प्रमाणांत शर्यतीच्या चाकांचाही समावेश आहे.

परंतु केवळ भाग बळकट करून सुरक्षितता साधत नाही, हा या खेळाच्या इतिहासातील अधिक मोलाचा धडा आहे. तो प्रथम शिकविला तो चाकाने नव्हे, तर दुसऱ्या एका फिरत्या भागाने. त्या काळी एंजिन पुढे व चालक मागे अशी गाड्यांची रचना असे, आणि क्लच व गिअरची पेटी चालकाच्या पायांशी येई. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या गाडीची गिअरची पेटी फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले, आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी जो विचार केला तो मोठा मार्मिक होता. पेटी अधिक जाड कशी करावी, एवढ्यावरच न थांबता, पेटी फुटणारच असे गृहीत धरले तर चालकाने कोठे बसावे, असे त्यांनी स्वतःस विचारले. १९७१ साली चालक पुढे व एंजिन मागे अशी गाडी घेऊन ते मैदानात उतरले व जिंकलेही. थोड्याच वर्षांत या वर्गातील बहुतेक सर्व गाड्यांनी तीच रचना स्वीकारली.

मात्र एका संकटाची जागा बदलली की दुसऱ्या संकटास वाट मिळते. चालक पुढे आला, आणि ते अवाढव्य टायर त्याच्या पाठीमागे राहिले. २७ जून २००४ रोजी सेंट लुईस शहराजवळील धावपट्टीवर डॅरेल रसेल यांच्या गाडीचा मागचा टायर फाटला, आणि त्या अपघातात ते मृत्यू पावले. त्यानंतर इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण शेकडा ९० वरून ८५ वर आणण्यात आले, आणि चालकाच्या डोक्यामागे टायटॅनियम धातूची ढाल बसविण्याचा नियम झाला. २००७ सालच्या मार्च महिन्यात फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे सरावाच्या फेरीत एरिक मेडलेन यांच्या गाडीचा टायर निकामी झाला. येथे तुकडा लागून इजा झाली नाही. बिघडलेल्या चाकाने गाडीस जे भयंकर हादरे दिले, त्यांत त्यांचे डोके भोवतालच्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर आपटत राहिले, आणि काही दिवसांनी त्यांचा अंत झाला. ते ३३ वर्षांचे होते. यापासून जो बोध घेतला गेला तो चालकाच्या आसनाविषयीचा होता: डोक्याभोवतीचा पिंजरा रुंद झाला, आणि त्याचे अस्तर जाड व मऊ झाले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत एंजिनाच्या स्फोटानंतर स्कॉट कलिटा यांची गाडी धावपट्टीच्या शेवटास थांबू न शकल्याने ते मृत्यू पावले. तेव्हा सर्वांत वेगवान वर्गांचे शर्यतीचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणले गेले. त्यामुळे टायरांवरील ताणाचा काळ घटला, आणि थांबण्यास जागा वाढली.

या सर्व घटनांत धोका पत्करणारा मनुष्य स्वतःच्या इच्छेने गाडीत बसला होता. २१ फेब्रुवारी २०१० रोजी ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहराजवळ जे घडले, त्याचे गांभीर्य म्हणूनच वेगळे आहे. एका टॉप फ्युएल गाडीचे मागचे चाक भर वेगात सुटले, उड्या घेत प्रेक्षकांच्या भागात शिरले, आणि त्याच्या आघाताने एक प्रेक्षक स्त्री मरण पावली. गाडीचा चालक वाचला. ढाल, पिंजरा, पट्टे, अग्निरोधक पोशाख, हे सारे चालकाभोवती उभारलेले होते. प्रेक्षकाभोवती यांतले काहीच नव्हते. चालक आपल्या धोक्याचे मोजमाप करून गाडीत पाय ठेवतो. प्रेक्षक तिकीट घेतो तो सर्व व्यवस्था चोख आहे अशा विश्वासाने. त्या विश्वासाचे ऋण शर्यत भरविणाऱ्यावर असते, आणि ते फेडावयाचे तर चाक सुटू नये एवढी काळजी पुरेशी होत नाही. सुटलेले चाक कोठे जाईल, याचाही विचार आधीच करावा लागतो.

येथे साहजिकच प्रश्न उपस्थित होतो की, चाकास दोरीने बांधून का ठेवू नये? फॉर्म्युला वन नावाच्या वळणदार मार्गांवरील शर्यतींत खरोखरच तसे करतात. चिवट कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्यांनी चाकाची जोडणी गाडीच्या सांगाड्यास बांधलेली असते, आणि २०११ पासून तेथे प्रत्येक चाकास अशा दोन दोऱ्या सक्तीच्या झाल्या. परंतु हे बारकाईने पाहिले पाहिजे की, ही दोरी फिरत्या चाकास बांधलेली नसते. तसे केल्यास ती गुंडाळली जाऊन तुटेल. ती चाक ज्यावर फिरते त्या न फिरणाऱ्या भागास बांधलेली असते. टक्कर होऊन तो भाग उखडला तर दोरी उपयोगी पडते. चाकाचे नट वा स्टडच गेले, तर दोरी जागेवर राहते आणि चाक जाते. ड्रॅग शर्यतीच्या गाडीत मागचा आस सांगाड्यास पक्का जखडलेला असतो, आणि धोका मुख्यतः स्टड व टायर यांचा असतो. म्हणून हा उपाय तेथे फारसा कामाचा नाही. तेथे उरतात ते तीन जुनेच, पण खात्रीचे मार्ग: प्रत्येक फेरीपूर्वी नट ठराविक जोराने आवळल्याची मोजमाप करून खात्री करणे, थकलेले भाग तुटण्यापूर्वी काढून टाकणे, आणि धावपट्टी व प्रेक्षक यांच्यामध्ये भिंत, जाळी व भरपूर अंतर ठेवणे. यांपैकी पहिले दोन अपघात टाळतात. तिसरा, टाळता न आलेल्या अपघातापासून माणसास वाचवितो.

या विवेचनाचा शर्यतीशी संबंध नसलेल्या गृहस्थासही उपयोग आहे. घरच्या मोटारीचे चाक पंक्चरानंतर बदलले, म्हणजे नट समोरासमोरचे, एकाआड एक आवळावेत. एकाच बाजूने ओळीने आवळल्यास चाक तिरके बसते. बसविण्यापूर्वी चाक व तुंबा यांमधील गंज, माती आणि रंगाची पुटे खरवडून काढावीत. कारण वेगाने फिरताना ती चुरडतात, आणि घट्ट आवळलेला नट आपोआप सैल पडतो. चाक बसविल्यानंतर शंभरएक किलोमीटरांच्या आत पाना लावून नट पुन्हा तपासावेत. पान्यावर पाय देऊन नाचणेही तितकेच घातक आहे; अतिरिक्त ताणाने स्टड कायमचा लांबतो आणि त्याची आवळून धरण्याची शक्तीच जाते. टायरात हवा कमी ठेवून भरधाव जाणे म्हणजे त्याच्या बाजूंना दर फेऱ्यास वाकवीत राहणे. त्यातून उष्णता वाढते, आणि पुढील गोष्ट धातूच्या थकव्यासारखीच घडते.

वेग हा मनुष्याच्या बुद्धीचा विजय आहे यात शंका नाही. पण प्रत्येक विजयाबरोबर एक नवी जबाबदारी येते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ड्रॅग शर्यतीच्या मैदानावर ही जबाबदारी अनेकांनी प्राण देऊन इतरांस शिकविली. बोल्टाचे आटे मोजणारा परीक्षक आणि प्रेक्षकांस आणखी काही पावले मागे सरकविणारा व्यवस्थापक, हे दोघे त्या शिकवणीचे खरे वारस आहेत; आणि एखादा दिवस काहीही न घडता मावळला, तर त्याचे श्रेय टाळ्या घेणाऱ्या विजेत्याइतकेच त्यांच्याकडेही जाते.